बोली मंडळातले धोंडूभाऊ

"कुडपनवाल्यांनू, गाडी लागली हाय. पळा रे, मागनं बोंब मारू नका!" महाडच्या एसटी स्थानकात कर्ण्यातून अशी घोषणा करणारा वाहतूक नियंत्रक एकच, आमचे धोंडूभाऊ. मी शेजारच्या पासाच्या खिडकीत बसायचो. साहेबांनी त्यांना दोनदा समज दिली. धोंडूभाऊंचं उत्तर ठरलेलं: "माजा पाशिंजर कुडपनचा हाय, पुन्याचा नाय."

शहरातल्या वकील-डॉक्टर-मास्तरांनी तेव्हा नुकतंच बोली संवर्धन मंडळ काढलं होतं. मंडळाचा सगळा कारभार चालायचा छापील मराठीत, म्हणून त्यांना समितीवर एखादा अस्सल माणूस हवा होता. धोंडूभाऊ समितीवर गेले, पण आपल्या कामासाठी. त्यांची मुलगी सुमी शिकायला गावाहून, कुडपणहून, महाडला आलेली. तिने तोंड उघडलं की वर्ग हसायचा, बाईसुद्धा हसायच्या. पोरीने शाळेत बोलणंच टाकलं होतं. त्यांचं मागणं एवढंच, मंडळाने शाळांना सांगावं, की बोलीवरून पोरांना हसू नका. "घरातलं बोलनं काय चोरीचं हाय?" ते दर बैठकीत विचारायचे. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणायचे, "आधी वातावरणनिर्मिती होऊ द्या, धोंडूभाऊ. शाळांचं मग पाहू."

वातावरणनिर्मिती म्हणजे वार्षिक संमेलन. त्यात बोलीला एकच जागा होती, भाषणांनी कंटाळलेल्या लोकांना हसवायची. कुणी डॉक्टर घोंगडी पांघरून 'हाय-नाय' करायचा आणि सभागृह लोळायचं. त्या वर्षी धोंडूभाऊंनी हट्टाने सुमीला उभं केलं. तिने घडलेली गोष्ट निवडली, आजीच्या मरणाची.

"आजीला डोलीत घातली नि आमी घाट उतराया लागलो," सुमी म्हणाली आणि पहिली रांग हसली. त्यांना वाटलं, आता गंमत येणार. "आजी बोलली, मला माज्या घरात मरू द्या रे." पुन्हा हशा. सुमी थांबली, तिने बापाकडे पाहिलं. धोंडूभाऊंनी मान हलवली, "बोल गो, बोल." पोर बोलत राहिली. पोलादपूरचा दवाखाना यायच्या आधीच आजी गेली, हे तिने सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या.

अध्यक्षांनी तिला उत्कृष्ट विनोदी सादरीकरणाचं बक्षीस दिलं. धोंडूभाऊ जागेवरून म्हणाले, "सायेब, माजी आय हुती ती."

"अरेरे! पण सांगायची ढब काय गोड हो!" अध्यक्ष म्हणाले. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी कर्ण्यातून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कुडपणला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे." धोंडूभाऊंच्या खिडकीशी आलेली कुडपणची एक म्हातारी त्यांनाच म्हणाली, "आज कोन नवा सायेब आलाय रं?" धोंडूभाऊंनी मान वर केली नाही. निवृत्त होईपर्यंत ते तसंच बोलले, माझ्याशीसुद्धा.

ते गेल्यावर मंडळाने शोकसभा घेतली. फलकावर लिहिलं होतं, 'बोलीचा निस्सीम उपासक'. सुमी आता पोलादपूरला नर्स आहे. अध्यक्षांनी तिला आग्रह केला, "दोन शब्द बोल, आपल्या गोड बोलीत."

ती उभी राहिली. "तुमच्या संमेलनानंतर बाबांनी ती बोली घरातही बंद केली. मला आता ती नीट येत नाही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मग अध्यक्ष शेजारच्या डॉक्टरांकडे झुकून म्हणाले, "उच्चार मात्र छान सुधारलेत हो मुलीचे."