चासीवरची रेघ

माझा गाड्यांच्या सांगाड्यांचा कारखाना सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे होता. दारातच पाटी होती : ‘जोड चोवीस तास निवून तपासणीत निर्दोष ठरल्याशिवाय गाडी दिली जाणार नाही. आग्रह करू नये.’ मजकूर माझा होता. तो नियम एकदाच मोडला, आणि मीच मोडला.

पुण्याभोवती संगणक कंपन्यांच्या इमारती उठू लागल्या होत्या, ती वर्षे. वाघोलीच्या एका तरुणाने रस्त्यालगतची जमीन बिल्डरला दिली आणि त्याच बिल्डरला सळई पोचवण्याचे काम मिळवले. त्यासाठी त्याने लष्कराच्या लिलावात निघालेला जुना ट्रक घेतला. गाडी दणकट होती, पण आखूड. सळया मागे लोंबत. चासी, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारे दोन लांब पोलादी रूळ, मधोमध कापून पाच फूट वाढवून द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. गाडी तो स्वतः चालवणार होता.

माझ्याकडचे वेल्डिंगचे मिस्त्री पुण्यातल्या जुन्या मुसलमान घरातले. त्यांचे आजोबा टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा बसवत. मिस्त्री गाडीखाली गेले, चासीवर दोन ठिकाणी हातोडी मारली, आवाज ऐकला आणि बाहेर आले.

“साहेब, पोलाद पाणी दिलेलं आहे. कापायला कापेल. सांधताना त्रास देणार.”

“मिलिटरीचा माल हाय, मिस्त्री,” तरुण म्हणाला. “बाँब पडला तरी मोडायचा न्हाई.”

“लष्कराने मोडली नाहीच. मोडायला तुम्ही आणलीत.”

तरुण मोकळेपणाने हसला. त्याला राग येत नसे.

मी ते काम नाकारायला हवे होते. अशा कडक पोलादाचा स्वभाव मला ठाऊक होता. परंतु आमच्या हातून होणार नाही, हे शब्द मी तोवर कोणापुढे उच्चारले नव्हते.

रूळ तिरके कापले. सरळ कापले तर सगळा ताण एकाच रेषेवर येतो. मध्ये नवे तुकडे बसवले, आतून जाड पट्ट्या बोल्टांनी आवळल्या, मागची चाके मागे नेली, इंजिनाची गती त्यांच्यापर्यंत नेणारा शाफ्ट लांबवला. चारही जोड मिस्त्रींनी आधी तापवून मग सांधले आणि गरम राखेत गोणपाटाखाली झाकून ठेवले. असले पोलाद सांधताना तडकत नाही. निवल्यावर तडकते, कधी दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांची अट त्यासाठी होती. शेवटचा जोड अष्टमीच्या दुपारी पूर्ण झाला.

नवमीला सकाळी आमच्याकडे खंडेनवमीची पूजा असे. सगळी हत्यारे धुऊन पाटावर मांडायची, वेल्डिंगच्या मशीनलाही हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याची पूजा आटोपेपर्यंत त्यांतले एकही उचलायचे नाही. वडिलांच्या लोहारकामापासून चालत आलेला हा नियम. त्याला अपवाद नव्हता.

पूजा झाल्यावर दुपारी मी जोड तपासायला घेतले. जोडावर रॉकेल चोळायचे, फडक्याने कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड लावायची. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीत उतरते आणि काळी रेघ उमटते. तीन जोड पांढरे राहिले. उजवीकडच्या मागच्या जोडाशी रेघ आली. बोटाच्या पेराएवढी, केसासारखी.

मिस्त्रींनी ती पाहिली. मग पाटावरच्या हत्यारांकडे पाहिले.

“घासून काढून परत सांधायला हवं. आजच. नियम आपला आहे, साहेब. आपण म्हणाल तर मी उचलतो.”

“एका दिवसाने काही बिघडत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी रॉकेलच्या बाटलीला बूच लावले.

चार वाजता तरुण आला. हातात झेंडूची माळ होती. दसऱ्याला घरी गाडीची पूजा होती, पाहुणे यायचे होते. मी त्याला खाली बसवून रेघ दाखवली आणि गाडी परवा मिळेल असे सांगितले.

“काका, रेघ हाय का केस पडलाय? रिकामी नेतो, पूजा करतो, परवा सकाळी हितं उभी करतो. दसऱ्याला दारात गाडी न्हाई म्हणजे लोक काय म्हणतील?”

“पाटी वाचता येते ना?”

“येती की. तुमचीच पाटी हाय, तुमीच हो म्हणायचं.”

मी हो म्हणालो. हत्यारे पूजेत असताना गाडी आत ठेवून मी तिचे काहीही करणार नव्हतो, हेही मनात होते. जाताना त्याने माळ गाडीच्या नाकावर बांधली. मिस्त्री फाटकापर्यंत गेले आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

ठरल्या दिवशी तो आला नाही. मी फोन केला. गाडी कामावर होती. आठवड्याने पुन्हा केला.

“पळती हाय ना झ्याक? मग?”

दिवाळी झाली. एका सकाळी मिस्त्री कामावर आले ते रॉकेलची बाटली आणि खडू घेऊनच. आम्ही माझ्या स्कूटरवरून वाघोलीला गेलो. एका अर्धवट इमारतीपाशी ट्रक सळयांनी भरून उभा होता. बाजूने पाहिले तेव्हा केबिन आणि मागची चाके यांच्यामधली चासीची रेषा किंचित खाली झुकलेली दिसली. मला ती लांबूनच दिसली होती.

रॉकेल लावले, पुसले, खडू लावला. रेघ आता वीतभर होती आणि रुळाच्या खालच्या कडेकडे वळली होती. भाराचा सगळा ताण त्या कडेवर असतो. तिथून ती पार झाली की रूळ दुभंगतो, आणि सळया पुढे सरकतात. पुढे केबिन असते.

“किल्ली द्या,” मी तरुणाला म्हणालो. “माल उतरवा. गाडी मी ओढून नेतो.”

“संध्याकाळी स्लॅब हाय. तुमीच जोडायची आन् तुमीच भ्या दाखवायचं?”

“मी भीती दाखवत नाही. तुम्ही केबिनमध्ये बसता, ते सांगतो आहे.”

आमचे बोलणे चालू असताना मिस्त्री गाडीखालीच होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या रुमालात शाफ्टचे आठ बोल्ट बांधलेले होते. आता गाडी जागची हलणार नव्हती. तरुणाने रुमालाकडे पाहिले आणि नेहमीसारखा हसला.

“मिस्त्री, नाना पेठेत असले किलोवर मिळत्यात.”

चौथ्या दिवशी मी एकटा पुन्हा गेलो. गाडीला नवे बोल्ट होते. जोडावर रस्त्यावरच्या कुठल्याशा वेल्डरकडून चारही बाजूंनी जाड पत्रा मारून घेतला होता, आणि वर काळा रंग.

“आता दावा रेघ,” तो म्हणाला.

दाखवणे शक्य नव्हते. खडू पत्र्यावर पांढराच राहिला असता. पत्र्याखाली भेग तशीच होती, आणि पत्र्याच्या सरळ कडेने तुटण्यासाठी आणखी एक जागा तयार करून दिली होती.

परिवहन कार्यालयात लेखी कळवावे, असे मी ठरवले. अर्ज लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की लांबी वाढवल्याची नोंद गाडीच्या कागदांवर नाही आणि ती वाढवणारा मी आहे. अर्ज पुरा झाला नाही. मी तो पुरा केला नाही, असे म्हणणे अधिक बरोबर.

वर्षभराने तो तरुण मला मार्केट यार्डापाशी भेटला. अंगावर ओरखडाही नव्हता. सळईचे काम सोडून त्याने कंपन्यांच्या नोकरांची ने-आण करणाऱ्या जीपगाड्या घेतल्या होत्या.

“ट्रक?”

“इकला. नगरच्या पल्याड गेला. उसाला लावणार व्हता म्हणं.”

“घेणाऱ्याला सांगितलंत?”

“काय सांगायचं, काका? तुमी कुठं काय लिहून दिलं व्हतं?”

मी लिहून दिले नव्हते.

पुढच्या खंडेनवमीला मी वेल्डिंगचे मशीन आणि एक हातोडी पूजेत मांडली नाही. मिस्त्रींनी कारण विचारले नाही. काम सोडून गेले त्या दिवशी ते आठ बोल्ट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “हे आपल्याकडेच असू द्या.” माझे चुकले, असे ते कधी म्हणाले नाहीत.

आता मी गाडी चालवत नाही. मुलगा नगर रस्त्याने नेतो तेव्हा पुढे लांब जुना ट्रक दिसला की मी केबिन आणि मागच्या चाकांमधली रेषा पाहतो. त्याला अंतर ठेवायला सांगतो. तो ठेवतो. पुढच्या ट्रकात कोण बसले आहे, ते मागून दिसत नाही.