हर्षानं बसवलेलं मीटर

मधुकररावांनी गाडी घेतली ती डिझेलची आणि सगळ्यात खालच्या मॉडेलची. वर्ध्याला कापूस बाजाराजवळ त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान होतं. पैसा नव्हता असं नाही, पण "गाडीनं कुठी जायचं असते, तिच्यात बसून शोभा पाह्यची नसते," असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडीत एसी नव्हता, काचा हातानं फिरवाव्या लागत आणि समोरचं मीटर काट्यांचं होतं. दोनेक वर्षांत वेगाच्या काट्याची केबल कुरकुर करू लागली. गाडी रेल्वे फाटकाशी उभी असली तरी काटा थरथरायचा.

धाकटा मुलगा प्रफुल याला ते काटे बघवत नसत. त्याच्या एका मित्राकडे त्याच गाडीचं वरचं मॉडेल होतं. त्यात किल्ली फिरवली की हिरवे आकडे उजळत. डिझेल किती आहे, इंजिन किती तापलं, हे उभ्या कांड्यांनी दिसे. एक दिवस तो घरी येऊन थेट मागच्या खोलीत गेला. तिथं त्याची वहिनी हर्षा कुणाचा तरी टीव्ही उघडून बसली होती.

हर्षा आंजीची. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे झाळणीचा धूर तिनं लहानपणापासून घेतलेला. पुढे तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. लग्न होऊन वर्ध्याला आली तेव्हा माहेरच्या सामानात मल्टिमीटरही आला. नवरा भूपेंद्र शांत माणूस, दुकानाच्या खरेदीसाठी सारखा बाहेरगावी. त्याची हरकत नव्हती. गल्लीतले रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर तिच्याकडे येऊ लागले.

"वहिनी, ते डिजिटल मीटर आपल्या गाडीत बसन का?" प्रफुलनं विचारलं.

"बसन," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, बसवावं लागन."

मधुकररावांना हे पटणारं नव्हतंच. "गाडी अन् टीव्ही एक आहे काय? बिघडवली तर तुह्या बाबाले आंजीहून बोलवीन दुरुस्तीले," ते म्हणाले. पण प्रफुलनं नागपूरच्या भंगार बाजारातून अपघातात गेलेल्या गाडीचं मीटर आणूनच टाकलं.

हर्षाला त्यात आठवडा गेला. मीटर खाचेत बरोबर बसलं, पण मागचे प्लग जुळेनात. एकेक तार मल्टिमीटरनं तपासत तिनं त्या जोडल्या. वेगासाठी केबलच्या जागी गिअरबॉक्सवर सेन्सर लागतो, तो मिस्त्रीकडून बसवून घेतला. डिझेलच्या टाकीतला पातळी मोजणारा तरंगाही बदलला. इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर तेवढा जुनाच ठेवला, कारण त्याचा प्लग नव्या तारांना हुबेहूब बसला. गाडी सुरू केली तशा उष्णतेच्या कांड्या एकेक करत चढल्या आणि चारवर थांबल्या. एकंदर आठ होत्या. तापलेलं इंजिन मध्यावर थांबतं, हे बरोबरच होतं. इंजिन त्याहून जास्त तापलं तर कांड्या वर जातात की नाही, हे तिनं पाहिलं नाही.

जुन्या मीटरपेक्षा नव्यावर किलोमीटर दुपटीनं जास्त होते. "माह्या गाडीले एका दिवसात म्हातारी केली," मधुकरराव म्हणाले. पण संध्याकाळी दिवा लावून ते हिरवे आकडे बघत बसलेले त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी पाहिले.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्याच्या तोंडची. मे महिन्यात शकुंतलाबाईंना गिरडला जायचं होतं. प्रफुलचं लग्न जमलं तर शेख फरीदबाबाच्या टेकडीवर जाऊन चादर चढवीन, असं त्या बोलल्या होत्या आणि लग्न जमलं होतं. भूपेंद्र अकोल्याला गेला होता. प्रफुल गाडी चालवायला, शेजारी मधुकरराव, मागे सासू-सून, असे चौघं भल्या सकाळी निघाले. दर्शन नीट झालं. परतायला मात्र ऊन चढलं.

पायऱ्या उतरताना मधुकरराव मध्येच बसले.

"काय झालं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"काई नाई. दम लागला." पण त्यांचा हात छातीवर होता आणि कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता. दोघांनी धरून त्यांना खाली आणलं. गावातल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली, नाडी पाहिली आणि प्रफुलला बाजूला घेऊन सांगितलं, "इथं थांबू नका. हिंगणघाटला न्या, लगेच."

गाडीत बसवताना जी धांदल झाली, तिच्यात हर्षाला बोनेटखालच्या मातीत एक ओला डाग दिसला. कुणी पाणी सांडलं असेल, असं वाटून ती आत बसली.

प्रफुलनं गाडी पिटाळली. मधुकररावांनी मान मागे टाकून डोळे मिटले होते. शकुंतलाबाई मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. खिडकीतून येणारा वारा भट्टीवरून आल्यासारखा लागत होता. काही अंतर गेल्यावर हर्षाच्या नाकाला एक वास आला. गोडसर, उकळत्या काकवीसारखा. रेडिएटरच्या पाण्यात टाकतात त्या हिरव्या औषधाचा वास तिला ठाऊक होता. गाडीखालचा तो डाग तिला आठवला. ती पुढे वाकली. मीटरवर चार कांड्या होत्या.

ती त्या कांड्यांकडे बघत राहिली. रस्ता चढला, उतरला, पुन्हा चढला. प्रफुलनं एका ट्रकला मागे टाकायला इंजिन पार ताणलं. कांड्या चारच. एवढ्या उन्हात, एवढ्या धावपळीत, एकही वर नाही, एकही खाली नाही.

"प्रफुलभाऊ, गाडी थांबवा."

"काय?"

"इंजिन तापलं. थांबवा."

त्यानं मीटरकडे पाहिलं. "चारच कांड्या आहेत वहिनी. ठीक आहे सारं."

"मीटर खोटं सांगून राह्यलं."

"तुम्हीच तर बसवलं!"

"म्हणूनच सांगते. सेन्सर जुना आहे, त्याचं अन् मीटरचं जुळून नाई राह्यलं. तुम्हाले वास नाई येत?"

प्रफुलचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. "बाबाची अशी हालत अन् तुम्ही म्हणता थांबव? इथं, रस्त्यात?"

"आता थांबवली तर पुढच्या फाट्यावर थांबन. नाई थांबवली तर फाट्याच्या पुढं आपोआप थांबन, अन् तिथं ना सावली आहे ना माणूस. भाऊजी, ओढून पाहा. गाडी ओढून राह्यली का?"

त्यानं पाय दाबला. गाडी ओढत नव्हती. इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली होती. तरी तो थांबला नाही. दूरवर फाट्यावरचं कडुनिंबाचं झाड दिसू लागलं होतं, त्याखाली चहाची टपरी आणि त्यापुढे मोकळा, निर्मनुष्य रस्ता. कांड्या चारच होत्या. हर्षाला वाटलं, आपलंच चुकत असेल तर? वास दुसराच कशाचा असेल आणि आपल्या हट्टानं या माणसाचा जीव गेला तर? तिनं सासूकडे पाहिलं. शकुंतलाबाई तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेत हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

"थांबव बे," मधुकरराव डोळे न उघडता म्हणाले. "माह्ये पाय भाजून राह्यले."

फाट्यावर गाडी थांबली. बोनेट उघडताच वाफेचा लोट उठला आणि प्रफुल मागे सरला. रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला पट्ट्याजवळ बोटभर चीर पडली होती. पाणी जवळजवळ सगळं गेलं होतं.

मधुकररावांना झाडाखाली टपरीच्या बाकावर निजवलं. टपरीवाल्या वच्छलाबाईंनी माठातलं पाणी आणि ओला दुपट्टा आणला. प्रफुल मोबाइल उंच धरून रस्त्यावर इकडून तिकडे फिरत होता, पण तिथं रेंज नव्हती. हर्षा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक मोटारसायकल गेली. एक ट्रॅक्टर गेला. मग बराच वेळ काहीच नाही. मधुकररावांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. प्रफुल तिच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "बाबाले काही झालं ना वहिनी, तर मी तुम्हाले माफ नाई करीन."

समोरून काळी-पिवळी जीप येत होती. हर्षा बाजूला झाली नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

"मरायचं आहे काय बाई?"

"माह्या सासऱ्याले छातीत दुखून राह्यलं. हिंगणघाटले न्यायचं आहे."

ड्रायव्हर रूपराव पन्नाशीचा, दाढी वाढलेला गडी. त्यानं झाडाखाली एकदा पाहिलं. जीप माणसांनी खचाखच होती, दोघं तर मागे लोंबकळत होते. "उतरा रे सारे," तो म्हणाला. "येतो मी तुम्हाले घ्याले." कुणी कुरकुरलं, पण उतरले सगळे. एका म्हाताऱ्यानं आपली गाठोडी उशीला दिली. मधुकररावांना आडवं घातलं, शकुंतलाबाई त्यांच्या डोक्याशी बसल्या. हर्षा चढू लागली तसा प्रफुल म्हणाला, "तुम्ही गाडीपाशी राहा." आणि जीपची मागची फळी लावली.

जीप गेली. उतरलेली माणसं सावलीत पांगली. हर्षा गाडीच्या पायरीवर बसली. वच्छलाबाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. कुणीतरी विचारलं, गाडी कायनं बिघडली? ती म्हणाली, "नळी फाटली." मग स्वतःहून म्हणाली, "अन् मले समजलं नाई. जुना काटा असता तर गिरडलेच समजलं असतं."

जीप परतली तेव्हा ऊन कलत आलं होतं. लांबून ती दिसल्याबरोबर हर्षा उठली. रूपरावचा चेहरा काचेमागे दिसेना. तो उतरला, तोंड पुसलं, आधी वच्छलाबाईंना पाणी मागितलं.

"आहे, आहे म्हातारबा," तो म्हणाला. "इंजेक्शन देलं. तिथूनच ॲम्ब्युलन्सनं वर्ध्याले नेलं. डॉक्टर म्हणे, वेळेवर आणला." हर्षा तिथंच मातीत बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

मधुकरराव दवाखान्यातून घरी आले तोवर प्रफुलनं जुनं काट्यांचं मीटर परत बसवायला मिस्त्रीकडे नेऊन ठेवलं होतं. घरात तो तिच्याशी बोलत नव्हता. नातेवाईक भेटायला येत आणि जाताना मागच्या खोलीत डोकावून जात. भूपेंद्र तिला एवढंच म्हणाला, "बाबांशी तूच बोल. मी मधात नाई पडत." तिला त्याचा रागही आला आणि ते बरोबरही वाटलं.

ती बोलायला गेली, पण सुरुवात मधुकररावांनीच केली. "सुनबाई, मीटर काऊन खोटं बोललं?"

तिनं सगळं सांगितलं. प्लग बसला म्हणून सेन्सर तोच ठेवला, चार कांड्या दिसल्या म्हणून पुढचं तपासलं नाही.

"मले दाखव."

मग स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं चढलं. गाडीतून काढलेला सेन्सर आणि नागपूरहून मागवलेला वरच्या मॉडेलचा सेन्सर, दोन्ही तारेला बांधून पाण्यात सोडले. मीटर ओट्यावर, गाडीची बॅटरी खाली फरशीवर. मधुकरराव खुर्ची टाकून दारात बसले. पाणी खदखदू लागलं. जुन्या सेन्सरवर कांड्या चारच. तिनं तार बदलून नव्याला लावली. पाच झाल्या, सहा झाल्या. तेल तापवून त्यात सोडला तशी सातवी आली, आठवी आली आणि लाल दिवा लागला.

मधुकरराव बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होते. "हे आधी कराले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"हो मामाजी."

"पुढच्या वेळी करशीन."

पुढची वेळ असेल, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

प्रफुलला ते आवडलं नाही. बापाशी भांडला, पण मीटर राहिलं. लग्न झाल्यावर तो वेगळा राहू लागला. सणावाराला येई, वहिनीच्या हातचं जेवे, गाडीचा विषय कधी काढत नसे. शकुंतलाबाई मात्र त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. कुठंही जायचं तर एसटीनं जात आणि हर्षाला सोबत नेत.

दोन हजार पाच साली हर्षानं बसस्टँडकडच्या रस्त्यावर गाळा घेतला. पाटीवर लिहिलं: गाडीचे मीटर दुरुस्त करून व बदलून मिळेल. खालच्या मॉडेलवाले वरच्या मॉडेलचं मीटर घेऊन येत आणि तासाभरात गाडी मागत. ती देत नसे. सेन्सर काढून उकळत्या तेलात धरल्याशिवाय ती किल्ली परत करायची नाही. कितीतरी गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे गेली.

"तुमच्या सुनेले धंदा नाई समजत," एकानं मधुकररावांना दुकानात येऊन ऐकवलं.

"नाई समजत," ते म्हणाले आणि त्याच्या ढेपेचं पोतं काट्यावर चढवलं.