जर्मनीतली जागा

जव्हारच्या डेपोत त्या दिवशी आमी पाच जण होतो. मी, माझा घरवाला, माझा दीर, त्याची बायको सोनी, आन जिला जायचं ती आमची लेक सुनंदा. पाड्यावरचं आणखी कोणी आलं नाय, भात कापायचं होतं.

सुनंदा मातीतले बारीक जंतू शिकली, डोळ्याला दिसत नाय तसले. जर्मनीतल्या सायबांना ती मोबाईलवर लिहायची. बरेच सायब जबाबच देत नव्हते. सोनी बोलायची, "बाय, माती बघायला जर्मनी कशाला? आमच्या भातात उतर, गुडघ्यापर्यंत बघ." सुनंदा हसायची, परत लिहायला बसायची. मंग तिकडच्या एका संस्थेतल्या बाईनं तिला फोनवर बघून विचारलं-पुसलं, आन पोरगी ओरडत आली, "बाबा, जागा मिळाली!"

बापाला वाटलं, जमीन मिळाली. निघायच्या दिवशी डेपोत यष्टीच्या खिडकीशी उभा राहून सांगत होता, "पयला बांध घाल. शेजारी सरकवतात."

ती पोट धरून हसली. "बाबा, जागा म्हंजे काम. तीन वर्सांचं."

त्यानं विचारलं, "म्हंजे खंडानं? मालकीची नाय?"

"तसंच," ती बोलली. यष्टी सुटली.

आमाला वाटलं, मुदत सरली की येईल. ती डॉक्टर झाली, सुई टोचणारी नाय, शिकलेली. इकडं तिच्या कामाची जागा तिनं लई शोधली, मिळाली नाय. मंग तिकडंच दुसऱ्या गावात घेतली, ती पण मुदतीची. तीही सरत आली, तिसरी शोधत होती, तेवढ्यात तिचा बा गेला.

तिचे राहायचे कागद तिकडं आफिसात अडकलेले. निघाली असती तर परत घेतील का, तिला ठाऊक नव्हतं. रडत बोलली, "आये, मी येते. जागा गेली तर जाऊ दे."

मीच बोलले, "नको येऊ."

दिरानं मसणात फोन धरला. अग्नी द्यायच्या टायमालाच रेंज गेली.

आता मी जव्हारला बहिणीकडं राहाते, पाड्यावर फोन धड लागत नाय म्हणून. नागलीचं शेत दिराला खंडानं दिलंय. रविवारी सुनंदा फोनमधी दिसते. तिकडं दुपार, इकडं दिवाबत्तीची वेळ. मागची भिंत दरवेळी नवी. मी विचारते, "ही कोणाची खोली?" ती बोलते, "भाड्याची, आये." घर कुठं म्हणून कोणी विचारलं तर मी खोडाळ्याकडचा पाडा सांगते. ती पण तिकडं तेच सांगते. तिथल्या घराच्या दाराला तर कडी घातलीय.

हे माझी भाची लिहून घेते. वाचणाऱ्या पोरापोरींनो, तिकडं जागा शोधा, जरूर जा. पण ती सरल्यावर काय, हे निघायच्या आधी आईबापाजवळ बसून सांगा. आन इकडं कुठं मातीच्या कामाची जागा निघाली, तर आमच्या सुनंदाला कळवा.