खुर्शीदआपाची दोन वाजताची लाईन
चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या बसस्टँडसमोर खुर्शीदआपाचं नेट कॅफे होतं. पूर्वी तिथंच तिचा एसटीडी बूथ होता. फोनचा धंदा बसला, तेव्हा तिने दोन कॉम्प्युटर घेतले. अर्ज भरताना ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवायची, समोरच्याने मान डोलावल्याशिवाय पुढे जायची नाही.

२००८ साली मी चंद्रपुरात एका नर्सिंग संस्थेच्या प्रवेशाची वेबसाईट बनवली. एकदम गर्दी झाली तर साईट टिकेल का, हे खोट्या गर्दीने तपासायचं होतं. त्यासाठी दोन सॉफ्टवेअर समोर होती. जेमीटर फुकटचं, दिसायला रुक्ष, त्यात किती माणसं कशी येतील ते सगळं आपणच ठरवायचं. दुसरं विकतचं, महिनाभर वापरून बघायला दिलेलं. त्यात माणसं तासाभरात हळूहळू वाढत जायची आणि रंगीत आलेख निघायचा. संस्थेच्या साहेबांपुढे ठेवायला आलेख झकास होता, म्हणून मी तेच वापरलं आणि साईट पास झाली.

आपाला मी कौतुकाने ते दाखवलं. ती म्हणाली, "विक्कीभाऊ, आमच्या इथी लोडशेडिंग संपून लाईन आली का सारेच्या सारे संगंच येतात. हळूहळू कोनी येत नाई."

मी हसलो. एसटीडी बूथवाली मला लोड टेस्टिंग शिकवणार, असं मनात आलंच. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. लोडशेडिंगमध्ये मीही वाढलो होतो, लाईन आली की पळत सुटणाऱ्यांतलाच मी.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आसपासच्या तालुक्यांत दोनला लाईन आली आणि पाच मिनिटांत साईट झोपली. मी उठवायचो, ती पुन्हा झोपायची. पाचला अर्ज बंद झाले. संस्थेने तारीख वाढवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सावलीला गेलो. कॅफेत नानाजी नावाचा एक माणूस बसला होता, मुलीची, चंचलची, गुणपत्रिका मांडीवर घेऊन. तीन तास बसूनही तिचा अर्ज गेला नव्हता. कोणाचं चुकलं, असं त्याने मला विचारलं. मी खरं बोललो असतो तर संस्थेचं पुढचं काम गेलं असतं. मी वाकून कॉम्प्युटरच्या वायरी चाचपू लागलो.

आपाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माझंच मशीन खराब होतं, नानाजीभाऊ."

एवढ्या दुरून आलात म्हणून नानाजीने मला चहा पाजला आणि मी तो प्यालो.

वर्षभराने नानाजी शेजारच्या मूल गावच्या स्टँडवर भेटला. हातात चंचलचे कागद होते. अर्ज भरायला इथवर काऊन आलात, असं मी विचारलं.

"आपाच्या मशीनचा भरोसा नाई, भाऊ," तो म्हणाला. "सावलीचे सारेच आता इथी येतात."

मी मान डोलावली.