सुखदेवभाऊंच्या पिकअपची नळी

एटापल्लीहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे आमच्या वार्ताहराचं बातम्यांचं पाकीट असतं. चंद्रपूरच्या स्टँडवर ते घ्यायला त्या दिवशी मीच गेलो होतो. कंडक्टरने पाकीट हातात दिलं आणि टपावरून कुणाची तरी सायकल उतरवून घेत म्हणाला, "सुखदेवभाऊ गेले ना. पिकअपवाले." बातमी काही दिवस जुनी होती. पाकिटात तिचा उल्लेख नव्हता. कचेरीत येऊन मी चार ओळी लिहिल्या : एटापल्ली येथील वाहनचालक सुखदेव रामटेके यांचे अल्पशा आजाराने निधन झाले... मग 'अल्पशा आजाराने' हे शब्द खोडले. ते आजारी नव्हते, असं कंडक्टरने सांगितलं होतं. चैत्रातल्या दुपारी "थोडा पडतो" असं शांताबाईंना, म्हणजे पत्नीला, सांगून ते पिकअपच्या सावलीत खाटेवर आडवे झाले आणि उठले नाहीत.

"थोडा पडतो" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी त्यांना ओळखत होतो ती सगळी वर्षं ते थकलेलेच होते. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावातून बांबूच्या एका ठेकेदाराचे ड्रायव्हर म्हणून ते जंगलात आले. ठेकेदाराने काम गुंडाळलं तेव्हा लष्कराच्या लिलावातली एक जुनी अमेरिकन पिकअप मागे राहिली, ती त्यांच्याकडे आली. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारांना काचा नाहीत, पेट्रोलचं मूळ इंजिन. आठवडी बाजाराला ती पलीकडच्या गावांतून माणसं, मोहफुलं आणि कोंबड्या आणायची. बाजार नसेल तेव्हा आजारी माणसं. त्या गावांकडे दुसरं वाहन जात नव्हतं. मधे एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात वाळूच असते, पावसाळ्यात मात्र तो ओलांडल्याशिवाय दवाखाना नाही.

चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्या पावसाळ्यात दूरच्या गावांची पाहणी करायला मला पाठवलं होतं. नाल्याच्या काठावर मला पहिल्यांदा सुखदेवभाऊ दिसले. बॉनेट उघडं, प्लग काढून फडक्यावर मांडलेले, आणि ते त्यांच्याकडे नुसते बघत बसलेले. दोन दिवसांपूर्वी पलीकडच्या गावच्या दसरू पुंगाटी या माडिया शेतकऱ्याच्या बायकोला ते दवाखान्यात आणत होते. बाळंतपण अडलं होतं. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. इंजिनाच्या पंख्याने ते उडवलं, प्लगना ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्युटर भिजला, गाडी मध्यावर बंद पडली. गावकऱ्यांनी खाट खांद्यावर घेतली आणि पायी निघाले. बाई वाटेतच गेली. हे सगळं त्यांनी मला विचारल्याशिवाय सांगितलं, आणि सांगून झाल्यावर एक प्लग उचलून पुसायला लागले. तो कोरडाच होता.

पुढे दसरू बाजाराच्या दिवशी पूर्वीसारखाच पिकअपमध्ये येऊन बसू लागला. राग नाही, प्रश्न नाही. "तो बोलला असता तं बरं झालं असतं, भाऊ," सुखदेवभाऊ मला म्हणाले होते. "शिव्या दिल्या असत्या तं मी आयकल्या असत्या. हा गुमान बसते अन् उतरून जाते." त्या वर्षभरात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं आणि ठिणगी पाण्यात विझते. डिझेलला ठिणगी लागत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी पिकअपला डिझेल इंजिन बसलं पाहिजे.

त्यासाठी ते हिवाळ्यात आमच्या कचेरीत आले. हातात आमच्याच अंकाचं घडी केलेलं पान. कोरपन्याजवळच्या अपघाताची बातमी मी लिहिली होती.

"भाऊ, तुमी लिवलं का व्हॅनचा चक्काचूर झाला."

"हो. ड्रायव्हरचा पाय मोडला. बाकी कुणाला काही झालं नाही."

"ते वाचलं. चक्काचूर समोरून झाला का मांगून?"

मी बातमी पुन्हा वाचली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"इंजिन कसं हाय, ते काऊन नाई लिवत तुमी लोक?" ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण होतं असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कोरपन्याला गेलो. व्हॅनला मागून ट्रकने दाबलं होतं. पुढे डिझेल इंजिन शाबूत. सुखदेवभाऊंनी त्यावर हात ठेवला, जसा बैल घेताना पाठीवर ठेवतात तसा, आणि मालकाशी बोलायला गेले.

उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात काम सुरू झालं. अल्लापल्लीचे युसुफमिस्त्री त्यांचे जुने दोस्त. ऐनाच्या तीन लाकडांचं तिकाटणं उभारून साखळीच्या कप्पीने जुनं इंजिन उचललं गेलं. नवं बसायला तयार नव्हतं. त्याची आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट लागणार होती. चंद्रपूरच्या टर्नरकडून ती करून घेऊन मीच एस.टी.ने नेली. युसुफमिस्त्रींनी ती लावली, काढली, कानसली, पुन्हा लावली. "सेंटर सुटलं ना सुखदेव, तं हे इंजिन तुह्या गिअरबॉक्सचा भुगा करते," ते बजावत राहिले. इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या दोन्ही कमानींना एकेक पाटा वाढवला. ते उंचही होतं, त्यामुळे बॉनेट वीतभर उघडंच राहिलं.

"म्हातारीचं तोंड मिटून नाई राह्यलं," सुखदेवभाऊ म्हणाले.

"राहू दे. नवी कवळी बसवली, लोकाईले दिसली पायजे."

एक गोष्ट मात्र दोघांच्याही नजरेतून सुटली. बॉनेटखाली जागा नव्हती म्हणून हवेचा फिल्टर त्यांनी खाली, चाकाजवळ बसवला. डिझेल पाण्याला भीत नाही, हे एटापल्लीत सगळेच सांगत होते. आम्हीही तेच धरून चाललो. नाल्याला पहिलं पाणी आलं तेव्हा सुखदेवभाऊंनी रिकामी पिकअप त्यात घातली. मध्यापर्यंत ती संथपणे गेली. मग आत काहीतरी ठोकल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत... पलीकडून बाजाराला निघालेल्या लोकांनी दोर लावून ती काठावर ओढली. त्यांत दसरू होता. युसुफमिस्त्रींनी वाकून फिल्टर उघडला. गढूळ पाणी खाली आलं.

"पाणी पेलं यानं. आतला रॉड वाकला असन. पुन्हा खोला."

सुखदेवभाऊ तिथेच चिखलात बसले. "आता मले कंटाळा आला, भाऊ," ते मला म्हणाले. एवढ्या थकलेल्या माणसाकडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

दसरू पिकअपभोवती एक फेरी मारून आला. बायको गेल्यानंतर गाडीबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. "हे हवा कुठून घेते?"

सुखदेवभाऊंनी चाकाजवळ बोट दाखवलं.

"आमी नाल्यात उतरतो तं नाक वर ठेवतो. याचं खाली काऊन ठेवलं?"

युसुफमिस्त्री आधी हसले, मग सुखदेवभाऊ. इंजिन पुन्हा खोलून, रॉड बदलून होईपर्यंत दसरूने कटांग आणला होता, म्हणजे तिकडचा जाड, मोठ्या पोकळीचा बांबू. आतल्या गाठी लाल तापवलेल्या सळईने जाळून काढल्या. खालचं टोक ट्यूबच्या रबराने इंजिनाला जोडलं, वरचं समोरच्या काचेच्या कडेने टपाच्या वर नेलं. जोडण्याआधी सुखदेवभाऊंनी एका टोकाला तोंड लावून फुंकलं. दुसऱ्या टोकावर दसरूने तळहात धरला.

"येऊन राह्यली का?"

"येऊन राह्यली."

त्याच पावसाळ्यात दसरूच्या भावाच्या सुनेला त्यांनी नाल्यातून आणलं, तेव्हा मी मागे बसलो होतो. पाणी दारातून आत शिरलं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. पुढे दसरू नळीला हाताने धरून बसला होता, जणू त्याने सोडली तर ती पडेल. मुलगी झाली, दोघी जगल्या. दवाखान्याच्या नळावर हात धुऊन सुखदेवभाऊ म्हणाले, "थोडा पडतो," आणि पिकअपच्या हौद्यात झोपले.

उन्हाने बांबू तडकतो, त्यामुळे नळी दरवर्षी बदलावी लागे. वैशाखात, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला कटांग दसरू घेऊन यायचा. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं तिकडे मानतात. सांगावा धाडावा लागत नसे. सळई तापायची, फुंकर मारली जायची, तोच प्रश्न, तेच उत्तर. बायकोबद्दल त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही, असं शांताबाई सांगतात.

मागच्या आठवड्यात मी एटापल्लीला गेलो. आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी सुखदेवभाऊंचा फोटो लागला होता. पिकअप अंगणात होती, तडकलेल्या नळीसकट. एक गिरणीवाला बाजेवर बसला होता. त्याला इंजिन हवं होतं, भातगिरणीला. बोलायला तो सौम्य होता आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. "गाडी उभी राहून सडून जाईन, बाई. इंजिन तरी कामी येईन." शांताबाई ऐकत होत्या. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांना गाडी चालवता येत नाही. युसुफमिस्त्रींनी ड्रायव्हर शोधतो म्हणून सांगितलंय, एवढंच. पाऊस जवळ आला होता.

ऊन उतरत असताना दसरू आला. खांद्यावर कटांग. त्याने तो पिकअपला टेकवून ठेवला आणि जिथे सुखदेवभाऊंची खाट असायची त्या रिकाम्या जागेकडे बघत खाली बसला. पाणी मागितलं. प्यायला. नळीबद्दल बोलला नाही, गिरणीवाल्याकडेही त्याने पाहिलं नाही.

शांताबाई उठल्या. चुलीत सळई सरकवली.

"इंजिन नाई द्यायचं, भाऊ," त्या गिरणीवाल्याला म्हणाल्या. "चाय घेऊन जा."

गाठी जळल्याचा धूर अंगणभर झाला. शेवटची गाठ निघाल्यावर शांताबाईंनी बांबू उचलला, पदराने टोक पुसलं आणि फुंकलं. पलीकडच्या टोकाला दसरूचा तळहात होता. या वेळी प्रश्न कुणी विचारला नाही.

"येऊन राह्यली," दसरू म्हणाला.