बाबांची रेकॉर्ड केलेली आरोळी
आज कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी प्रोग्राम दिवसभरात कुठल्याही वेळी आपोआप कसा चालू करायचा ते शिकवलं, आणि मला मागचा ज्वारीचा हंगाम आठवला. कणसांवरची पाखरं हाकलायला मी बाबांची आरोळी रेकॉर्ड केली, घरातून वायर ओढली आणि शेतातल्या खोपीत जुना कॉम्प्युटर नि भोंगा बसवला. ठरलेल्या वेळच्या आवाजाला पाखरं सरावतात, म्हणून ती कुठल्याही वेळी वाजेल असं केलं; आरोळी कधी उठेल ते मलाही ठाऊक नसायचं. एका दुपारी मी आणि आई घरात तूर निवडत होतो, तेव्हा शेतातून आरोळी आली. "वरडलं बग तुजं मशीन," आई हसली. जरा वेळानं पुन्हा आली, आणि माझी नजर वर गेली. पंखा बंद होता. लाईट गेलेली असताना मशीन ओरडणार कसं? मी अनवाणीच पळालो. बाबा पाय घसरून विहिरीत पडले होते, मोटारीच्या पाइपाला धरून गळाभर पाण्यात तरंगत होते. दोर टाकून वर काढलं, तेव्हा ते थरथरत म्हणाले, "आरं, म्या किती वरडलो! माझा आवाज वळकू येईना व्हय तुला?" त्याच संध्याकाळी मी ती आरोळी कॉम्प्युटरमधून पुसून टाकली. आता भोंग्यातून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येतो. तरीही बाबांनी शेतातून साधी हाक मारली, की आईचे हात थांबतात आणि ती आधी माझ्या तोंडाकडं बघते.