लुधियाना ते फर्दापूर, मार्गे उस्मानपुरा

चहा आधी ओतून घ्या, कारण मी एकदा सुरू झालो की मधेच कुणी उठलेलं मला खपत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो: आमच्या घरात सगळे या किश्शाला हसतात. मी हसत नाही. मला अजून राग आहे. कुणाचा, ते तुम्हाला शेवटी कळेल. मलाही शेवटीच कळलं.

आमची मंगल, म्हणजे माझी बायको, मूळची फर्दापूरची. थंडीत अजिंठ्याची लेणी बघायला माणसांची रीघ लागते आणि लेणी बघून झाली की ती सगळी माणसं भुकेली असतात, हा तिचा लहानपणापासूनचा अभ्यास. नवरा निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात बसून सूचना देतो, हा अलीकडचा अभ्यास. हे दोन अभ्यास तिनं एकत्र केले आणि जाहीर केलं, "मी फर्दापूरला थालीपिठाचा ट्रेलर टाकणार."

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर हो. गाडीच्या मागे हुकानं अडकवायचं, ओढत न्यायचं, जागेवर उभं करायचं, बाजूची फळी वर उचलली की झालं हॉटेल. तिच्या बहिणीचा फर्दापुरात ढाबा आहे, त्याच्या शेजारची जागा बहिणीनं झाडून-सारवून ठेवली. नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा रविवार उद्घाटनाला ठरला. मंगलनं तीन डबे भाजणी दळून आणली. बहिणीनं गावभर सांगून टाकलं. नव्हता तो फक्त ट्रेलर.

तो मंगलनं मोबाइलवर शोधला. कुठं? लुधियान्याला! तिथल्या एका गृहस्थांनी छोले-कुलच्यांचा धंदा आवरला होता. वस्तू चांगली, माणूस सज्जन, फक्त मधे अर्धा हिंदुस्थान.

"आणायचं काम तेवढं तुम्ही बघा," मंगल म्हणाली. "पण नीट बघा. फाइल करू नका त्याची."

हे वाक्य मला झोंबलं. फाइल करू नका? आयुष्यभर मी दुसरं केलं काय?

शकीलभाई म्हणून एक ट्रान्सपोर्टवाले आहेत, शहागंजच्या बाजूला बसतात. त्यांची पिकअप पंजाबात माल घेऊन जायचीच होती, येताना ट्रेलर ओढून आधी आमच्या घरी आणायचा, मग फर्दापूरला न्यायचा. सरळ काम. दुसऱ्या कुणी चहा पिऊन हात मिळवला असता. मी करार केला. कलमं सतरा, प्रती तीन.

कलम नऊ: माल कराराच्या पहिल्या पानावरील पत्त्यावरच पोचवला जाईल. कलम अकरा: पत्ता लेखी दिलेला असल्याने त्याबाबत फोनवर विचारणा करून त्रास दिला जाणार नाही. कलम बारा: तोंडी बोलण्यास किंमत असणार नाही.

शकीलभाईंनी चष्मा वर केला. "साब, मेरे निकाहनामे में बी इत्ते कलम नै थे."

"म्हणूनच माणसं फसतात," मी म्हणालो. आणि तिन्ही प्रतींवर, पहिल्या पानावर, असा दणदणीत शिक्का मारला की टेबलावरचे चहाचे कप हलले.

हा शिक्का माझा. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं मला शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. शिक्का मी स्वतःच घेतला. जमा करायचा असतो, माहीत आहे मला. पण इतक्या वर्षांचा हात त्याच्यावर बसलेला. बिनशिक्क्याचा कागद मला लुगडं नसलेल्या बाईसारखा... जाऊ द्या, मंगल ऐकतेय.

पिकअप गेली. ट्रेलर अडकवला, निघाला, असा शकीलभाईंचा फोनही आला. आणि मग सुरू झालं धुकं.

"साब, धुंद है. गाडी नै हिलरी."

पहिला दिवस मी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं, मोबाइलवरच, पण संदर्भ आणि विषय घालून. तिसऱ्या दिवशी लिहिलं की धुक्याचा पुरावा सादर करावा. लगेच फोटो आला. पांढरा. नुसता पांढरा! मी मंगलला दाखवला.

"हे काय?"

"धुकं."

"मला तर आपली भिंत वाटली."

मी स्मरणपत्र क्रमांक दोन धाडलं: 'सोबतच्या छायाचित्रात ट्रेलर दिसून येत नाही. खुलासा करावा.'

उत्तर आलं: 'साब, वोइच तो धुंद है.'

बघा! सरळ चेष्टा! रविवार जवळ येत होता, मंगल भाजणीच्या डब्यांची झाकणं उघडून वास घेऊन पुन्हा लावत होती, तिची बहीण रोज फोन करून "निघाला का ग" विचारत होती, आणि हा माणूस माझी थट्टा करत होता. माझा राग असा चढत गेला की त्या आठवड्यात मला थंडी म्हणून वाजली नाही.

बुधवारी सकाळी आठला फोन. ड्रायव्हर, बलविंदर.

"साहब जी, पहुँच गए. गेट पे खड़ा हूँ."

मी माकडटोपी घालून पळत बाहेर. रस्ता रिकामा. हडकोतल्या आमच्या गल्लीत एक दूधवाला आणि एक कुत्रं.

"कुठंय? मी गेटवरच आहे!"

"मैं भी गेट पे ही हूँ जी. गेट बंद है."

मी गेट सताड उघडलं. "उघडलं! आता?"

"अभी भी बंद है जी."

आता मला सांगा, डोकं फिरणार नाही का? मी म्हटलं, याला उलटतपासणीत पकडू. "गेटचा रंग सांगा."

"नीला."

आमचं गेट निळंच.

"शेजारी झाड कोणतं?"

"नीम का, साहब जी."

आमच्या गेटाशी लिंबच.

"कुत्रं आहे?"

"है जी. भूरा. सो रहा है."

आमच्या समोरचं तपकिरी कुत्रं माझ्याकडे बघून जांभई देत होतं. म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं! घर बघून गेलेला होता! रेकी केलेली होती! आणि ट्रेलर मात्र गायब!

"चोर आहात तुम्ही!" मी ओरडलो. "दोघंही! टोळी आहे तुमची!" आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. हो, ब्लॉक. राग आला की मी निर्णय फार जलद घेतो. नोकरीत असतानाच एवढा राग येता तर बढती मिळाली असती.

मंगल दारात उभी. "झालं काय?"

"ट्रेलर चोरीला गेला."

ती आत गेली, भाजणीच्या डब्यांपाशी जाऊन बसली. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती एका डब्यावर हात ठेवून बसली होती. त्यानं माझा राग दुप्पट झाला. दिवसभर मी पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा मसुदा केला. आठ पानं. अक्षर सुंदर आलं होतं.

गुरुवारी सकाळी तक्रार देण्याआधी शकीलभाईंना तोंडावर चार शब्द सुनवावेत म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. मंगलही आली.

"कायकू गरम होरे साब? गाडी तो कल सुबू पहुँच गई. मेरा ड्रायवर कल से तुमकू फोन लगारा, लगताच नै."

"खोटं! मी स्वतः गेटवर होतो!"

शकीलभाईंनी ड्रॉवर उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून करार काढला. माझ्या कराराला इतक्या आदरानं वागवणारा हा पहिला माणूस. पहिलं पान माझ्यासमोर ठेवून त्यांनी बोट टेकवलं. "येइच पता है ना? तुमच मारे ना ठप्पा?"

मी शिक्का वाचला. आयुष्यभर मी तो मारला, वाचला कधीच नव्हता. वर माझं नाव. खाली 'वरिष्ठ लिपिक'. त्याखाली आमच्या ऑफिसचं नाव. त्याखाली: उस्मानपुरा. पानावर दुसरा पत्ताच नव्हता.

मंगलनंही वाचलं. सावकाश. मग माहेरच्या बोलीवर येत म्हणाली, "व्हय का? म्हंजे ट्रेलर तुमच्या हापिसात हाय, आणि तुम्ही चोर चोर करताय?"

"पण निळं गेट..." मी पुटपुटलो.

इथं एक जुनी गोष्ट सांगावी लागते. ऑफिसच्या गेटाला रंग दिला त्या वर्षी एक डबा उरला होता. आमच्या घरच्या गेटालाही त्याच वर्षी रंग दिला. याहून जास्त विचारू नका.

रिक्षा करून आम्ही उस्मानपुऱ्यात. आवारात, लिंबाखाली, ट्रेलर उभा! हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, देखणा. बलविंदर त्याच्या पायरीवर ब्लँकेट गुंडाळून बसला होता. मला बघून उठला, हात जोडून म्हणाला, "साहब जी, ग्यारह नंबर में लिखा था पता नहीं पूछना. मैंने पूछा नहीं जी."

आत माझ्या खुर्चीवर साळवे मॅडम. माझ्या हाताखाली शिकल्या. त्यांच्या टिप्पण्या मी किती वेळा परत पाठवल्या असतील; एकदा तर मुद्दा बरोबर असताना समास चुकला म्हणून पाठवली.

"या सर! तुमचा शिक्का बघून शिपायानं आत घेतला. मी आवक नोंद केली. ऑफिसचाच माल समजून."

"उपकार झाले. आता न्यायला परवानगी द्या."

"देते ना. गेटपास लागेल. तीन प्रतींत अर्ज, आणि साहेबांची सही."

"अहो मॅडम, माझा ट्रेलर आहे तो!"

त्यांनी काचेखालचं परिपत्रक माझ्याकडे फिरवलं. 'आवारात आलेले काहीही, मालकी कोणाचीही असो, कार्यालयप्रमुखांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही.' ऑफिसचा एक कूलर चोरीला गेला होता, तेव्हा मीच मसुदा केला होता. 'मालकी कोणाचीही असो' हे मीच, मुद्दाम, दुसऱ्या शाईनं घातलेलं. रंगाचा डबा परिपत्रकाच्या आधीच बाहेर पडला होता, म्हणून बरं.

"बरं, साहेब कुठं आहेत?"

साळवे मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. हसू दाबणं त्यांना मी शिकवलेलं नव्हतं. "दौऱ्यावर. शनिवारपर्यंत."

"पण कुठं?"

"फर्दापूरला."

मागे मंगल खुर्चीत बसून हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून. माझी बायको, रविवारचं उद्घाटन बुडायला आलेलं, आणि हसतेय!

"जावा," ती म्हणाली. "ट्रेलर न्यायचा होता तिथं, आता कागद न्या. करा हौस."

आणि जाता जाता साळवे मॅडमनी हात पुढे केला. "सर, तो शिक्का. जमा करायचा राहिला होता वाटतं."

शुक्रवारी पहाटे मी एसटीत. माझ्या खिडकीची काच खाली अडकलेली. सिल्लोडपर्यंत कान गेले, पुढे नाक गेलं. फर्दापूरच्या स्टँडवर उतरलो तर समोर मेव्हणी.

"भाऊजी! आणला का ट्रेलर?"

"नाही. सही न्यायला आलोय."

तिला मी समजावत बसलो नाही. मलाच समजत नव्हतं. साहेब विश्रामगृहाच्या ओसरीवर ऊन खात होते. अर्ज वाचला, पुन्हा वाचला, सही केली आणि म्हणाले, "तुमचं परिपत्रक फारच कडक आहे हो. बदलायला हवं कुणीतरी."

परत उस्मानपुऱ्यात पोचलो तर ऑफिस सुटायला आलेलं आणि आवारात हीऽ गर्दी! फळी उघडलेली. आत मंगल तव्यावर थालीपीठ थापतेय, बलविंदर कांदा चिरतोय, आणि सगळं ऑफिस हातात प्लेटा घेऊन लिंबाखाली उभं.

"हे काय? सरकारी आवारात?"

"बाहेर न्यायचा नाय असं लिहिलंय," मंगल म्हणाली. "आत पेटवायचा नाय असं कुठं लिहिलंय?"

"नाहीये, सर," साळवे मॅडम म्हणाल्या. त्यांच्या ओठाला दही लागलं होतं. "मी दोनदा वाचलं."

मी सकाळपासून उपाशी. "मला एक दे."

"संपलं. एक डबा रिकामा झाला. दोन रविवारला ठिवलेत. लई चांगली जागा हाय वो तुमचं हापिस, उगाच घरी आलात."

घरी जायची वेळ झाली तरी साळवे मॅडम जावक नोंदवही घेऊन गेटाशी थांबल्या. पिकअप जोडली. उद्या फर्दापूर, परवा उद्घाटन. त्या मोठ्यानं बोलत लिहीत होत्या. "वस्तू: ट्रेलर. नग: एक. स्थिती: उत्तम." मग थांबल्या. "सर, तुम्हीपण बाहेर पडताय ना? नाही, 'आवारात आलेले काहीही' असं आहे म्हणून."

मी बोलायच्या आत लिहूनही झालं. "वस्तू: सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक. नग: एक. मालकी..." त्यांनी मंगलकडे बघितलं. मंगलनं मान हलवली. "आणि स्थिती काय लिहू, ताई?"

मंगलनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माकडटोपी, लाल नाक, काखेत फाइल.

"वापरात नाय," ती म्हणाली. "पण टाकवत बी नाय."

मी नोंद वाचली. एक चूक सापडली असती तर परत पाठवली असती. नव्हती. इतकं बिनचूक लिहायला यांना ज्यानं शिकवलं, राग त्याचाच होता मला. सही केली, आणि सवयीनं शिक्क्यासाठी खिशात हात घातला.

खिशात शिक्का नव्हता. तो जमा करून घेतल्याची पावती होती. तीन प्रतींत.